दौलतअण्णांचा पडदा

आमचे नवनगरचे दौलतअण्णा चौघांना घेऊन भाजीला निघाले, तरी रांग लावून निघतात. पुढे स्वतः, मागे तीन-तीन हातांवर आम्ही. अंतर घटलं की मान न वळवता बजावतात, "तम्मा, धडकशील." कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ.

नोकरीच तसली. ढगात हेलिकॉप्टरं रांगेनं उडताना एकमेकांवर आदळू नयेत म्हणून पायलटसमोर एक पडदा असतो. पुढचं-मागचं त्यात ठिपक्यांसारखं दिसतं. अण्णांनी जन्मभर ते पडदे दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर कोप्पीकर रोडच्या दुकानांतून सुटे भाग आणून घरीच तसे दोन पडदे बनवले. एक स्वतःच्या गाडीत बसवला, दुसरा माझ्या गाडीत, मला न विचारता. हिरवा ठिपका ते, पिवळा मी. "डोळे फसवतात, तम्मा. पडदा बघ." अख्खं नवनगर हसायचं. सगळ्यांत मोठ्यानं मी.

मग एका सकाळी उणकलचं तळंच उठून आमच्या गल्लीत येऊन बसलं, असं धुकं पडलं. म्हशीचं तोंड दिसे, शेपूट दिसेना. दूधवाल्यानं माप माझ्या बुटात ओतलं. आणि आईला धाप लागली. ओठ निळे पडले. अँब्युलन्सवाला म्हणाला, धुकं ओसरू दे.

अण्णा लुंगीवरच आले. "काच विसर. हिरवा ठिपका सोडू नको. आडवं काही आलं, तर आधी मला लागेल."

धारवाडच्या हॉस्पिटलच्या वाटेवर मी दोनदा काचेतून पाहिलं. दोन्ही वेळा ट्रक दिसला. दोन्ही वेळा तिथं काही नव्हतं. मागच्या सीटवर आईचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मधेच शिट्टी थांबली. मी मागे वळलो. चालू ठेवलेल्या फोनमधून अण्णांचा आवाज आला, अगदी हळू. "जवळ आलास. ब्रेक. मी आहे पुढं." ठिपके जवळजवळ चिकटले होते. ब्रेक दाबला. त्या धक्क्यानं असेल, शिट्टी पुन्हा सुरू झाली.

हॉस्पिटलात ऑक्सिजन लागला, ओठांना रंग आला. सांगायला बाहेर धावलो. अण्णांच्या गाडीचं इंजिन चालूच. हात स्टिअरिंगवर, नजर पडद्यावर.

"मागचा आला?" त्यांनी विचारलं.

"मीच मागचा, अण्णा. आलो. आई बरी आहे."

मग मान वर झाली. "एकदा तीन हेलिकॉप्टरं गेली होती, ढगात. मागचं आलं नाही. पडदा मीच तपासून दिला होता. सगळे म्हणाले, पडदा ठीक होता."

मी हात आत घालून इंजिन बंद केलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"जा," म्हणाले, "आईला एकटं ठेवू नको."

पण मनगट काही सोडलं नाही.