राजकुमारासाठी गाऱ्हाणं

फणसवाडीतल्या चाळीत सत्यनारायणाची पूजा आटोपली की गणपत परब सर्वांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालत. ज्याला जे मागायचं असेल ते त्याने चिठ्ठीवर लिहून सकाळीच त्यांच्याकडे द्यायचं, आणि परबकाका ते मालवणीत देवाच्या कानावर घालायचे. प्रत्येक मागणीला सगळ्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं, एवढा साधा नियम.

यंदा सीमाचा जीव टांगणीला लागला होता. तिच्या मुलीला, दर्शनाला, बघून गेलेला दीपक त्याच्या आईला, राधाबाईंना, घेऊन अँटॉप हिलहून पूजेला आला होता. राधाबाई आज होकार देणार की नकार, ते ठरायचं होतं.

पलीकडच्या खोलीतल्या अंबिकाला मात्र दुसरीच काळजी होती. ती रोज एक मालिका बघत असे. त्या मालिकेत पडक्या किल्ल्यात राहणारा, रक्त पिणारा राजकुमार एका साध्या मुलीवर जीव जडवून बसला होता. अंबिकाने चिठ्ठीत लिहिलं, "तीनशे वर्षं एकटा आहे. रक्त पिण्याची सवय सुटू दे, लग्न होऊ दे. पोरगी गुणी आहे." नाव लिहायची गरज तिला वाटली नाही. सबंध चाळ ती मालिका बघत होती.

परबकाका टीव्ही बघत नसत. त्यांनी विचार केला, चाळीत लग्न जमतंय ते एका दर्शनाचंच. तीनशे हे अंबिकाचं नेहमीचं वाढवून सांगणं समजून त्यांनी तीस केले. सवयीचं वाचून त्यांना वाईट वाटलं, पण देवापासून काही लपवायचं नसतं.

हात जोडून ते गंभीरपणे म्हणाले, "बा देवा म्हाराजा, आमच्या दर्शनाचा लगीन ह्या दीपकाबरोबर जुळव रे म्हाराजा. झिलाक तीस वर्सां रगत पिवची सवय आसा, ती सोडव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," चाळ म्हणाली. सवयीने सीमाही म्हणाली, आणि मग तिने तोंडावर हात ठेवला.

दीपक एकतीस वर्षांचा होता. बायका त्याच्या दातांकडे बघू लागल्या. त्याने ओठ मिटून घेतले, त्यामुळे संशय वाढला.

अंबिकाने पुढे येऊन, मान खाली घालून सगळं सांगितलं. परबकाकांचा चेहरा उतरला. घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येत नाही, आजवर कोणी घेतलं नाही, असं ते हळूच म्हणाले.

राधाबाई उठल्या. सीमाला वाटलं, आता त्या चपला शोधणार. पण त्या परबकाकांपुढे जाऊन बसल्या.

"काका, मागे नका घेऊ. पण हे राजकुमाराच्या वाटणीचं होतं, ते आमच्या दीपकला गेलं. मग त्या बिचाऱ्याचं काय? चार महिने मी त्याच्यासाठी उपास धरतेय."

"पुन्हा घालू?" परबकाकांनी विचारलं.

"घाला. या वेळी नीट नाव घेऊन," राधाबाई म्हणाल्या. मग सीमाकडे वळून त्यांनी सांगितलं, "लग्न मात्र दोघांचंही राहू दे, त्याचंही आणि आमच्या दीपकचंही."