एक किलोमीटर आठशे चाळीस मीटर

"महागडी मदतयोजना म्हणजे भित्र्या माणसाच्या गळ्यातला ताईत!" असे दशांशरावांनी गाडी घेतली त्याच दिवशी जाहीर केले होते. वजनमापे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ते शास्त्रज्ञ होते. दशांशचिन्हापुढे तीन आकडे असल्याशिवाय त्यांना भूकसुद्धा लागत नाही, असे सहकारी म्हणत. नावही त्यांनीच पाडलेले. गाडी रस्त्यात बंद पडण्याची शक्यता त्यांनी कागदावर मांडली, ती नगण्य निघाली, आणि त्यांनी 'चिंतामुक्त चाक' नावाची बाजारातली सर्वांत स्वस्त योजना घेतली. अटींचा कागद उलगडला तर सतरंजीएवढा होई, आणि अक्षरे अशी की मुंगीलाही चष्मा लागावा!

"जावईबापू, वाचल्याशिवाय सही करू नये," सासरे म्हणाले. त्यांची उभी हयात छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेली होती. पूर्णविरामाच्या जागी बसलेली माशी त्यांना कधी फसवू शकली नव्हती. आता मात्र दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "मला दिसत असतं तर मीच वाचून दिलं असतं."

"बाबा, जे घडणारच नाही त्याच्या अटी कशाला वाचायच्या?"

ते घडले. आणि कधी? सासऱ्यांच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या सकाळी! ही वेळ चार महिने थांबून मिळाली होती. अकराला हजर नसाल तर पुन्हा चार महिने, असे रुग्णालयाने बजावले होते. दहाला दहा कमी असताना, सरळसोट रस्त्यावर, गाडीने एक हुंदका दिला आणि ती गप्प झाली.

दशांशरावांनी शांतपणे मदतीचा क्रमांक फिरवला.

"आपण रांगेत तिसरे आहात," एक मधाळ आवाज म्हणाला. पाच मिनिटांनी तोच आवाज म्हणाला, "आपण रांगेत चौथे आहात."

"रांग मागे कशी सरकते?" दशांशराव कडाडले. "हे निसर्गाच्या कोणत्या नियमात बसतं?"

"अहो, ते यंत्र आहे," मागून पत्नी म्हणाली. "यंत्राशी कसलं भांडता?"

अखेर एक जिवंत तरुण बोलला. "नमस्कार साहेब! गाडीत कोणी आजारी आहे का?"

"नाही. मोतीबिंदू हा आजार नव्हे. वयोमानानं नेत्रभिंगाला आलेली अपारदर्शकता आहे ती."

"अहो, आहे म्हणा ना!" पत्नीने त्यांच्या खांद्यात बोट खुपसले.

"खोटं सांगून मदत घ्यायची?"

"बरं," तरुण म्हणाला, "घरापासून किती लांब आहात?"

"एक किलोमीटर आठशे चाळीस मीटर."

तरुणाने आवाज खाली आणला. "साहेब, जरा आठवून सांगा. दोन असेल ना? दोनच्या आत मदत येत नाही."

"आठवायचं काय त्यात? हा रस्ता मी स्वतः मोजलाय!"

"म्हणजे अंदाजे दोन...?"

"मी अंदाजे बोलत नाही!"

"मग माझा नाइलाज आहे, साहेब. तशी नोंद झाली."

दशांशरावांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. घराजवळ बंद पडलेली गाडी कमी बंद असते काय? इंजिनाला आपले घर किती लांब आहे ते कळते काय? पण घड्याळ कोणासाठी थांबते! सव्वादहा झाले होते. त्यांनी बाह्या सरसावल्या.

"एकशे साठ मीटर कमी पडतात ना? ढकलू!"

पत्नी आणि ते मागे लागले. सुकाणू धरायला उरले सासरे.

"बाबा, सरळ धरा!"

"सरळ कुठं आहे ते सांगा, धरतो!"

गाडीने एका कचरापेटीला ओझरते आलिंगन दिले, एका सायकलस्वाराला पदपथावर चढवले आणि डुलत डुलत हद्द ओलांडली. मोजणीतली चूक गृहीत धरून दशांशरावांनी ती आणखी दहा मीटर ढकलायला लावली. पत्नीच्या चपलेचा अंगठा तिथेच तुटला.

पुन्हा रांग. पुन्हा तोच तरुण.

"दोन किलोमीटर दहा मीटर!" दशांशराव धापा टाकत विजयाने म्हणाले.

"वा, साहेब! पण मघाशी तर..."

"मघाशी मागे होतो. ढकलत आणली."

"अरेरे," तरुण कळवळला. "अट क्रमांक नऊ, साहेब. नोंदीनंतर जागेवरून हललेली गाडी चालू समजली जाते."

"ढकलल्यावर कपाटही हलतं! ते काय चालू असतं?"

"तुमचा खरेपणा घाला चुलीत!" असे म्हणून पत्नी तुटकी चप्पल हातात घेऊन सरळ रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. समोरून येणारी गाद्यांची गाडी करकचून थांबली.

"दादा, रुग्णालयात सोडता का? वडिलांचा डोळा आहे!"

"बसायला जागा नाही, ताई," चालकाने मान बाहेर काढली. "झोपायला मात्र भरपूर आहे!"

दहा वाजून छप्पन्न मिनिटांनी सासरे सात गाद्यांवरून एखाद्या संस्थानिकासारखे उतरले. शेजारी उताणे पडलेले दशांशराव तेव्हाही तक्रारअर्जाचे तिसरे पान लिहीत होते.

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. दशांशरावांचा अर्ज तोवर अकरा पानांचा झाला होता. 'गणितदृष्ट्या निराधार', 'विवेकशून्य', 'ग्राहकाची क्रूर चेष्टा' असे शब्द त्यात दर पानाला होते. तो त्यांनी सासऱ्यांपुढे ठेवला.

"बाबा, नजरेखालून घाला. एकही चूक राहता कामा नये."

सासऱ्यांनी आधी अटींचा कागद मागितला. एक डोळा मिटून, नवा डोळा उघडून, ते बोट फिरवत वाचू लागले. तिसऱ्या अटीवर बोट थांबले.

"'शस्त्रक्रियेसाठी निघालेली व्यक्ती आजारी समजली जाईल. गाडीत आजारी व्यक्ती असल्यास अंतराची अट लागू नाही. पर्यायी वाहन वीस मिनिटांत.'"

पत्नीने हातातली चप्पल खाली ठेवली. ती नुकतीच शिवून आणली होती. मग ती नवऱ्याकडे पाहू लागली.

दशांशरावांनी घसा खाकरला. "बाबा, डोळा अजून नवा आहे... वाचण्यात थोडं इकडेतिकडे..."

"जावईबापू," सासरे अर्जाची अकरा पाने नीट जुळवून परत देत म्हणाले, "मी अंदाजे वाचत नाही!"