राख निघाली का?

अण्णा गांगुर्डे कुणालाही नमस्कार करत नसत. जिन्यात, दुधाच्या रांगेत, रिक्षा स्टँडवर, जिथे ओळखीचा माणूस दिसेल तिथे ते खणखणीत आवाजात विचारत, "काय, राख निघाली का?"

अण्णांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर गेली होती. कोळसा घालायचा, आग राखायची आणि राख काढत राहायची. निवृत्त झाल्यावर बॉयलर सुटला, पण भाषा सुटली नाही. जेवण म्हणजे कोळसा, श्वास म्हणजे हवा, आणि राख म्हणजे काय, ते मी इथे लिहीत नाही.

माझ्या सासूबाई पहिल्यांदा नाशिक रोडला आमच्याकडे आल्या, तेव्हा त्या रिक्षातून उतरताच अण्णांनी त्यांनाही तोच प्रश्न केला. सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "अगं बाई! कोण गेलं?" खुलासा झाल्यावर त्यांनी अण्णांशी अबोला धरला. माझ्या मनात मात्र त्या दिवसापासून अण्णांविषयी आदर निर्माण झाला.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मी चाळिशीकडे झुकलो होतो आणि बँकेतल्या खुर्चीने मला हळूहळू आपला आकार दिला होता. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं. मी गंभीरपणे मान डोलावली आणि परत येताना वाटेत मिसळ खाल्ली, तर्री मागून. शेवटी सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला अण्णांच्या ताब्यात दिलं. 'ताब्यात' हा शब्द तिचाच.

कॉलनीमागच्या मैदानावर अण्णा रोज सकाळी चालत. उलटे. त्याने गुडघे मजबूत होतात असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्यांच्याकडे तोंड करून सरळ चालायचं आणि त्यांच्या मागे काही आलं की ओरडायचं, एवढंच माझं काम. एकदा मी रविवारच्या मिसळीचा विचार करत होतो आणि ओरडायचं राहून गेलं. अण्णा जाऊन थेट बसलेल्या म्हशीवर बसले. म्हैस हलली नाही. अण्णा उठले, कपडे झटकले आणि म्हणाले, "बघा देवरे, व्यायाम नाय म्हणून ही अशी झाली." बोलताना ते म्हशीकडे बघत नव्हते.

जेवणाचा त्यांचा नियम असा, की तोंडातल्या घासाचं पाणी होईस्तोवर चावायचं. एकदा त्यांनी मला जेवायला बोलावलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळा स्वयंपाक त्यांच्याच हातचा. नाचणीची भाकरी, मोड आलेली मटकी आणि मुळ्याची कोशिंबीर. पहिली भाकरी संपेपर्यंत माझे जबडे दुखायला लागले. जन्मात पहिल्यांदा मी दुसरी भाकरी नको म्हणालो.

"बघा," अण्णा खूश होऊन म्हणाले, "झालं का नाय खाणं आपोआप कमी?"

घरी जाऊन मी गुपचूप दोन वाट्या चिवडा खाल्ला, तोही नीट न चावता.

हळूहळू मैदानावर आमचा घोळका जमला. त्यात खैरनार सर होते. गणित शिकवायचे. आज व्यायाम का जमणार नाही, हे सांगायला ते रोज वेळेवर येत, आणि आलेच आहेत तर म्हणून अण्णा त्यांना दहा बैठका काढायला लावत. अशी दोन-तीन वर्षं गेली. माझं वजन फारसं उतरलं नाही, पण चढायचं थांबलं. अण्णांच्या मते हाही विजयच होता.

मग थंडीतल्या एका रविवारी भरदुपारी, सगळी कॉलनी जेवून झोपलेली असताना, मी पान खायला म्हणून खाली उतरलो. अण्णा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले होते. बनियन घामाने भिजलेलं, हात छातीवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. मी घाबरलो तो तेव्हा.

रिक्षात त्यांना धरून बसलो. हॉस्पिटलात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयविकाराचा झटका आहे, वेळेवर आणलंत. संध्याकाळी मला आत सोडलं. अंगाला नळ्या लावलेले अण्णा एकदम लहान दिसत होते.

"देवरे," ते पुटपुटले, "कॉलनीत सांगू नका. नांदगावला भाच्याकडे गेलो म्हणा."

"अण्णा, आजारपणाची कसली लाज?"

"लाज नाय हो. उद्या खैरनार सर म्हणतील, नाचणी खाऊन आन् उलटं चालून गांगुर्डेचं हे झालं, मग आपण कशाला उठायचं? सगळे पुन्हा झोपतील. तुम्ही तर पहिले."

नेमका तोच विचार माझ्या डोक्यात चालला होता.

"माझे वडील आन् थोरला भाऊ," अण्णा थांबत थांबत म्हणाले, "दोघंही पन्नाशी बघायच्या आत असेच गेले. मी साठी ओलांडली. पण लोकांना ते नाय दिसायचं. त्यांना झटका दिसंल."

बाहेर डॉक्टरही मला हेच म्हणाले, की या माणसाचं शरीर कमावलेलं आहे म्हणून ते यातून निभावलं. ते ऐकून मी पोट आत ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर गेलो आणि अण्णा नांदगावला गेल्याचं जाहीर केलं. ते येईपर्यंत व्यायाम मी घेणार, हेही सांगितलं. कुणी हसलं नाही, याचंच मला नवल वाटलं. सूर्यनमस्कारात मी खाली गेलो आणि तिथेच पडून वर यायचा विचार करत राहिलो. घोळका माझ्यासाठी थांबला. खैरनार सर सबब न सांगता बैठका काढून गेले. उलट एरवी कधी न येणारे दोघे-तिघेही येऊ लागले.

रोज संध्याकाळी मी अण्णांना हजेरी सांगत असे. कोण आलं, कुणी किती केलं, हे ते डोळे मिटून ऐकत. "आन् तुम्ही?" असं शेवटी विचारत. मी थोडं वाढवून सांगत असे.

घरी सोडायच्या वेळी डॉक्टर म्हणाले, काही दिवस कुणीतरी सोबत राहायला हवं. मी म्हटलं, "अण्णा, भाच्याचा फोन नंबर द्या, एसटीडी बूथवरून लावतो."

अण्णा पंख्याकडे बघत राहिले. "भाचा नाय हो."

"नाही म्हणजे? दर दिवाळीला तुम्ही नांदगावला जाता ना?"

"जातो. लॉजवर उतरतो. सकाळी शाळेच्या मैदानात चालतो, भाऊबीज झाली की परत येतो." मग म्हणाले, "इथं थांबलं की बायाबापड्या फराळाची ताटं घेऊन येतात. घरात एकटा माणूस बघितला की त्यांचं तोंड उतरतं. सणाच्या दिवशी कशाला?"

मी त्यांच्या चपला शोधायला पलंगाखाली वाकलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ तिथेच राहिलो.

अण्णांना घरी आणलं. मी माझी गादी उचलून त्यांच्याकडे झोपायला गेलो. सुनंदा मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून डबा पाठवू लागली. कॉलनीतली माणसं येऊन जात. "आलात का नांदगावहून?" एवढंच विचारत आणि दारातून आवाज न करता परतत. हॉस्पिटलचं नाव कुणी काढलं नाही. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझ्यासारख्या माणसाला खोटं बोलणंसुद्धा धड जमत नव्हतं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर अण्णा मैदानावर आले. शाल पांघरून कडेच्या बाकावर बसले. सगळे नेहमीपेक्षा ताठ उभे राहिले. खैरनार सर बैठका थांबवून त्यांच्याजवळ गेले.

"काय अण्णा, भाच्याकडे आराम झाला ना? कसा आहे भाचा?"

मी जिथल्या तिथे थांबलो. अण्णांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बरा हाय," ते म्हणाले. "लय केलं त्यानं माझं. नुसतं पोट सुटलंय. पण आता मी काय त्याला सोडत नाय."