म्हस, रेडकू आणि बबनतात्यांची दुर्बीण

दुर्बीण चांगली की वाईट हे आमच्या येडगावात म्हशीवरून ठरतं. ठरवणारा माणूस एकच, आमचे शेजारी बबनतात्या. नवी दुर्बीण आली की तात्या स्लॅबवर चढणार, टोपी मागं सारणार आणि धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका गोठ्यावर ती रोखणार. म्हस आणि तिचं रेडकू एकाच गोलात मावलं तर दुर्बीण पास. नुसती म्हस दिसली की नापास, लगेच खोक्यात.

"येकटी म्हस बघायला देवानं डोळं दिल्यात की!" तात्या खेकसणार.

परत पाठवायची हमाली माझी, कारण तात्यांकडं साधा फोन आणि मागवायच्या माझ्या मोबाइलवरून. पार्सलवाला हल्ली माझ्याकडं संशयानं बघतो.

एकदा वैतागून त्यांना जुन्नरला रफीकभाईंच्या चष्म्याच्या दुकानात नेलं. रफीकभाईंनी हौसेनं दहा पटीची काढली. "तात्या, ही घ्या. डोंगरावरचं पाखरू हातात आल्यासारखं दिसंल."

"पाखराचं काय लगीन लावायचंय मला? मोठं नको, राव. रुंद दाखवा."

मग आठ पटीची निघाली. पट कमी तर गोल मोठा, हे रफीकभाईंनी समजावलं. तात्यांनी ती दारातून रस्त्याकडं लावली. म्हस नव्हती, म्हणून रिक्षा आणि लांब उभा तिचा ड्रायव्हर यांवर भागवलं. चेहरा खुलला. मग किंमत ऐकली आणि दुर्बीण गपकन काउंटरवर ठेवली. "येवढ्यात रेडकूच घरी यील!"

गाव म्हणायचं, तात्या बिबट्यासाठी पाळत ठेवतात. उसात बिबट्या आहेच, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. मला मात्र ठाऊक होतं, दुर्बीण रोखली जाते तो गोठा कुणाचा ते. तात्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचा, नामदेवअण्णांचा.

दोघा भावांची धरणावर मिळून एक मोटर होती. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एका उन्हाळ्यात कुणी कुणाच्या पाळीत पाणी ओढलं यावरून जुंपली. तात्यांनी खंडोबाच्या देवळात सगळ्यांदेखत शपथेचा बेलभंडारा उचलला, "ह्याच्या बांधाला पाय लावणार न्हाई, ह्याचं तोंड बघणार न्हाई!" अण्णा पलीकडच्या मळ्यात राहायला गेले. मोटर त्याच उन्हाळ्यात जळाली. देवळात बसून "उचल, उचल" म्हणत ज्यांनी भरीस घातलं, ते आज दोन्ही घरी फुरके मारत चहा पितात. आमच्याकडं भाऊ तुटलेला चालतो, भंडारा मोडलेला चालत नाही. आग लागो असल्या इमानाला!

मागच्या वर्षी अण्णांना लकवा झाला. तेव्हापासून त्यांची खाट गोठ्याशेजारच्या लिंबाखाली, आणि रेडकू म्हशीपासून लांब, बांधलेलं खाटेच्या पायाला. तात्यांचं दुर्बिणीचं खूळही तेव्हापासूनचंच.

मी एकदा तोंडावरच म्हटलं, "तात्या, भावाला बघायचंय तर सरळ बघा की."

तात्या उसळले. "भंडारा उचललाय मी! मी म्हस बघतो. कडंला कुणी आलं तर माझा काय दोष?"

म्हणून रुंद पाहिजे. देवाच्या डोळ्यांत धूळ टाकायची, तीही परवडेल अशा किमतीत.

या उन्हाळ्यात अखेर एक आठ पटीची, स्वस्तातली, हवी तशी मिळाली. तात्यांनी डोळ्यांना लावली. "म्हस हाय. रेडकू हाय..." आणि दुर्बीण तिथंच रोखून धरली. मी म्हटलं, सुटलो एकदाचा!

"आरं, उन्हात पडलाय त्यो!" तात्या किंचाळले. "सावली सरकलीय. कुणी बघंना व्हय त्याच्याकडं?"

अण्णांच्या घरची सगळी कांदे काढायला रानात गेलेली. तात्या डोळ्यांवरची दुर्बीण काढीनात. "पोरा, गाडी काढ. खाट सावलीला ओढ जा. माझं नाव नको घिऊ."

धरणाला वळसा घालून गेलो. अण्णांचं तोंड उन्हानं रापलं होतं, ओठांवर माश्या, आणि हाकलायला हात उठत नव्हता. खाट ओढली, पाणी पाजलं. जीभ वळत नव्हती, तरी त्यांनी विचारलंच, "दादा?"

मी दुसरीकडं बघत माश्या वारत बसलो.

परत आलो तर दुर्बीण खोक्यात बांधून तयार. "धाडून दे."

"का? मावलं की सगळं!"

"मावलं." तात्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं. "त्याचं तोंड बघितलं मी, पोरा. म्हस सोडून त्याचंच बघत बसलो. वाळून पार काटकी झालाय. भंडारा मोडला माझा."

मोबाइलनं परत करण्याचं कारण विचारलं. 'दिसतं ते पसंत नाही' असं एक होतं, ते दाबलं.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं आणि तात्या माझ्या दारात. हातात काही नाही. "सावली सरकली आसंल रं. जातोस का?"

मी गाडी काढली. "बसा मागं," म्हटलं. चिडूनच म्हटलं. "मोडलाय ना भंडारा? मग आता कशाला भ्यायचं?"

तात्या बसले नाहीत. देवळाच्या बाजूला बघत उभे राहिले. हात तेवढा मागच्या सीटवर होता. मी गाडी चालू केली, तरी तो त्यांनी उचलला नाही.