यादीच्या बैठकीतलं स्वप्न

पाहुणे यायला अर्धा तास उरला होता आणि राधेश्याम अजून आरशासमोर उभे राहून एकच वाक्य घोकत होते. "आमची मुलगी लग्नानंतरही नोकरी करील." वाक्य जेमतेम पाच शब्दांचं, पण तिसऱ्या शब्दापाशी गाडी अडायची.

एकोणतीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढलेला हा माणूस. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांचं तोंडच उघडत नसे. स्वतःच्या निरोप समारंभात ते 'दोन शब्द' बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यातला एक शब्द झाला, 'अध्यक्ष'. दुसरा आलाच नाही.

आज मात्र सुटका नव्हती. त्यांची आकांक्षा नवीन जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत उगवण तपासायचं काम करायची आणि त्या कामावर तिचा फार जीव होता. मुलगा, कल्याण, पिंपळगाव रेणुकाईचा. त्याची हरकत नव्हती. हरकत होती ती त्याच्या आईची, गिरिजाबाईंची. आज दोन्हीकडची माणसं बसून लग्नाची यादी करणार होती. काय ठरलं ते कागदावर येणार आणि खाली सह्या होणार. एकदा सह्या झाल्या की पुन्हा त्यावर तोंड उघडायची सोय नव्हती.

"पप्पा, नोकरीचं कलम आलं न्हाई तर मी नकार देणार," आकांक्षानं बजावलं होतं. "पोरगा पसंत हाय मला, तरी बी."

उपायही तिनंच काढला होता. तीन आठवड्यांपूर्वी मोबाइलवर कायकाय वाचून ती म्हणाली होती, "तुम्ही स्वप्नात सराव करा."

"स्वप्न काय आपल्या हातात असतं का बाई?"

"असतं. हे स्वप्न चालू हाय हे आतल्या आत कळलं पाहिजे, बस. मंग मनासारखं करता येतं. कोणी गेलेल्या माणसाला भेटायला करतं, कोणी उगं उडायची मजा घ्यायला. तुम्ही भीती घालवायला करा. स्वप्नातल्या माणसाला काय भ्यायचं?"

"पण कळावं कसं?"

"काही लिहिलेलं वाचायचं. मान फिरवायची. पुन्हा वाचायचं. अक्षरं बदलली की समजायचं, स्वप्न हाय."

दुसऱ्या आठवड्यात राधेश्यामांना ते जमलं. तेव्हापासून ही बैठक त्यांनी झोपेत अकरा वेळा घेतली होती. हीच सतरंजी, हीच माणसं, आणि कल्याणच्या मामांची, रामरावांची, हीच झुबकेदार मिशी. स्वप्नात राधेश्याम असे काही गरजायचे की ऐकणाऱ्यांच्या टोप्या उडायच्या. पण या सरावापायी झोपमोड होऊन दिवस सगळा पेंगण्यात जाई. परवा दुकानांच्या पाट्या दोनदोनदा वाचत चालताना ते उभ्या रिक्षावर जाऊन आदळले होते.

अकरा वाजता जीप आली. गिरिजाबाई, कल्याण, रामराव आणि गावची चार वडीलधारी माणसं सतरंजीवर बसली. यादी लिहिण्यात रामरावांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. दोन प्रती ते स्वतःच लिहीत, एक मुलीकडं, एक मुलाकडं. मंडप मुलीकडं, वाजंत्री मुलाकडं, असं करत कलमं भराभर उतरू लागली. स्वयंपाकघराच्या पडद्याखाली आकांक्षाची पावलं दिसत होती. ती जागची हलत नव्हती.

आकांक्षाची आई, दैवशाला, चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि त्यांनी नवऱ्याला गुडघ्यानं ढोसलं. "बोला की आता."

सगळ्यांच्या माना राधेश्यामांकडे वळल्या.

"चहा घ्या," ते म्हणाले.

पडद्याखालची पावलं एकदा आपटली.

"इवाई, आणखी काई?" रामरावांनी व्याह्यांना विचारलं. "न्हाई ना? मंग वाचा आन करा सही."

कागद राधेश्यामांच्या हातात आला. सातवं कलम वाचून ते चकित झाले. 'मुलीची नोकरी मुलीच्या मर्जीवर.' न मागता? इतकं सहज? जागेपणी त्यांच्या आयुष्यात इतकं सोपं कधी काही झालं नव्हतं. त्यांना शंका आली. त्यांनी कागद खाली ठेवला आणि शिकवल्याप्रमाणे मान फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. यांचं वाचून झालं असं समजून रामरावांनी तेवढ्यात तो कागद ओढून घेतला आणि दुसरी प्रत सहीसाठी पुढं सरकवली.

राधेश्यामांनी पुन्हा वाचलं. 'मुलीची नोकरी सासूच्या मर्जीवर.'

अक्षरं बदलली होती!

त्यांच्या छातीवरचा दगडच उतरला. हात्तिच्या, स्वप्नच आहे तर! ते ताडकन उभे राहिले.

"रामराव, पेन खाली ठेवा."

रामरावांच्या हातून पेन गळून पडलं.

"आत्ता इथं मुलीची मर्जी होती, ती सासूची कशी झाली?"

"अहो इवाई, ते आपलं..."

"गप बसा! हे सगळं माझ्या डोक्यातून निघालंय. तुम्ही इथं बसलेत तेच मुळात माझ्यामुळं. मी उठलो ना, तर तुमच्यातला एक बी राहणार न्हाई!"

"उभेच हायेत की," एक म्हातारा शेजाऱ्याच्या कानात कुजबुजला. "आता आणखी कसे उठणार?"

"आन ती मिशी," राधेश्यामांनी बोट रोखलं. "ती नको मला. घालवा."

रामरावांनी घाईघाईनं तळहातानं मिशी झाकली. राधेश्यामांना समाधान वाटलं. अकरा स्वप्नांत ती इतक्या लवकर कधी गेली नव्हती.

"माझी लेक नोकरी करील! लग्नानंतर करील, लेकरं झाल्यावर करील, तुम्ही समदे म्हातारे झाल्यावर बी करील!" असं म्हणत त्यांनी हात असा फिरवला की दैवशालांच्या हातातला ट्रे कलंडला आणि वाफाळता चहा राधेश्यामांच्याच पायावर सांडला.

चटका बसला. आजवरच्या एकाही स्वप्नात असं भाजलं नव्हतं. त्यांनी खाली पाहिलं. सतरंजीवर दोन कागद शेजारी-शेजारी पडले होते. एकावर मुलीची मर्जी, दुसऱ्यावर सासूची.

म्हणजे हे स्वप्न नव्हतंच. राधेश्यामांनी तोंड उघडलं, आवाज फुटेना. मान अवघडली ती नेमकी गिरिजाबाईंच्या दिशेनं. डोळे ताठ, पापणी लवायला तयार नाही.

"असं काय बघून राह्यले हो इवाई?" गिरिजाबाईंनी विचारलं.

मग त्या भावाकडं वळल्या.

"रामा, म्या म्हणलं होतं तुला, असे धंदे करू नको म्हणून!"

"आक्का, तूच म्हणलीस की! म्हणलीस, त्यांच्यापाशी त्यांच्यासारखा कागद राहू दे, आपल्यापाशी आपल्यासारखा!" मिशीवरचा हात न काढता रामराव म्हणाले.

कल्याणनं दोन्ही प्रती उचलून वाचल्या. त्याचे कान लाल झाले. "आई, मला तर म्हणली होती, तिची मर्जी ती."

राधेश्याम अजून तसेच उभे होते. गिरिजाबाईंनी पदर सावरला, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, पुन्हा त्या डोळ्यांकडं पाहिलं आणि त्यांचा धीर सुटला.

"लिहा बाबा, पोरीच्याच मर्जीवर. दोन्ही कागदांवर लिहा. आन इवाई, आता पापणी तरी हलवा. जीव घाबरून राह्यला आमचा."

सह्या झाल्या. जेवणं झाली. जीप गेली.

आकांक्षानं बापाचा पाय गार पाण्याच्या घमेल्यात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. "पप्पा, तुम्ही बोलले ते तर बोललेच. पण मंग एक शब्द न काढता नुसते बघत राह्यले ना, तिथंच त्या मोडल्या. कसं सुचलं तुम्हाला?"

ते श्रेय गुपचूप खिशात टाकायचं राधेश्यामांच्या मनात येऊन गेलं. पण लेकीशी खोटं बोलणं त्यांना जमेना.

"बाई, मला वाटलं स्वप्न हाय. चहा सांडला तव्हा कळलं, जागा हाय म्हणून."

तिचा हात थांबला. तिनं घमेल्यात आणखी थोडं पाणी ओतलं.

"असू द्या," मग ती म्हणाली. "कळल्यावर तरी मागं कुठं सरले तुम्ही?"

"सरणारच होतो. समद्यांची माफी मागणार होतो." राधेश्यामांनी आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून घेतली. "पण चारचौघांत मला बोलता येतं का?"