लॅपटॉपमधला राम

"जगात तल्लख मेंदू तीनच. एक माझा. उरलेले दोन अजून सापडलेले नाहीत," अशी शंकासुर स्वतःची ओळख करून द्यायचा. मग ते दोन यानेच शोधायला काय हरकत आहे, असं शिंप्याच्या मनात यायचं. पण शिंपी पडला त्याचा मेहुणा आणि बिनपगारी सहायक. शंका घेण्याचं खातं दाजींकडे होतं.

ग्रंथालयात तीस वर्षं शिक्के मारून शंकासुर निवृत्त झाला आणि त्याच महिन्यात त्याने 'गुप्तहेर' अशी पाटी भर रस्त्यावर लावली, शेजारी स्वतःचा फोटो. आजवर सुटलेलं प्रकरण एकच, हरवलेल्या छत्रीचं. तीन आठवडे तपास केल्यावर ती त्याच्याच हातात सापडली. वहीत नोंद झाली: 'माल रंगेहाथ पकडला.'

शनिवारी दुपारी त्याच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, पोरीच्या त्या गेमिंग लॅपटॉपमध्ये काही राम राहिला नाही रे! परवाच नवे पार्ट घालून आणला, आणि आता खेळायला बसली की दहा मिनिटांत बंद. सहाला तिचा अंतिम सामना आहे. ऐन वेळी बंद पडला तर संघातून नाव कटणार. रडकुंडीला येऊन दुकानात गेलीय."

शंकासुराने स्पीकरवर लावलेला फोन ठेवला. "मेहुणे, चोरी! लॅपटॉपमधली रॅम पळवली."

"दाजी, ताई 'राम' म्हणाल्या."

"घाबरलेल्या माणसाच्या तोंडून अर्धचंद्र आधी गळतो."

दुकानात भाची काउंटरला टेकून उभी होती. दोन वर्षं लहान पोरांना पोहायला शिकवून तिने हा लॅपटॉप घेतला होता. दुरुस्तीवाल्याने खालचं झाकण उघडून दाखवलं. "ही बघा रॅम. पूर्वी आठची एक होती, आता आठ आणि आठ, सोळा. आणि ही खालची भोकं. इथून हा श्वास घेतो."

"आठ आणि आठ?" शंकासुराने भिंग काढलं. "म्हणजे सोळाची एक लांबवून आठाच्या दोन ठेवल्या!"

"मामा, बेरीज तीच होते."

"तेच तर! चोर हिशेबाला पक्का आहे."

दुरुस्तीवाल्याने गेम चालू करून दिला. तासभर लॅपटॉप हूं की चूं न करता चालला.

"इथे चालतो, घरी बंद पडतो," शंकासुर पुटपुटला. "याचा अर्थ उघड आहे. या माणसाने त्याला फितवलाय!" आणि तो दुरुस्तीवाल्याचे खिसे तपासायला निघाला. दुरुस्तीवाल्याने त्याला मानेला धरून पायरीपर्यंत पोचवलं. गळालेला अर्धचंद्र अशा रीतीने सापडला.

घरी पोचेपर्यंत सव्वापाच झाले. भाचीने लॅपटॉप टेबलावर ठेवला.

"थांब गं, उघडा नको ठेवूस त्याला," म्हणत ताईंनी त्याला खालून एक जांभळी खोळ चढवली. "एवढे नवे पार्ट घातलेत, ओरखडा नको उठायला."

दहा मिनिटांत पडदा अडखळला आणि काळा झाला. भाचीच्या फोनवर कप्तानाचा निरोप आला: 'पावणेसहापर्यंत आली नाहीस तर राखीव खेळाडू घेतो.'

"टेबल सामील आहे," शंकासुर म्हणाला. "पाय बघा त्याचे, चारही एकाच दिशेला!"

शिंप्याचं लक्ष टेबलाकडे नव्हतं. दुहेरी सुती कापड, मध्ये कापूस, चार कोपऱ्यांना इलॅस्टिक, उजव्या कोपऱ्यात उलटून मारलेली टीप. ती टीप त्याचीच. बुधवारी ताईंनी कागदावर माप पाठवलं होतं. ते स्टुलाचं समजून त्याने खोळ शिवली आणि देताना छाती फुगवून सांगितलं होतं, "ताई, अशी बसेल की हवासुद्धा शिरायची नाही!"

गप्प बसावं तर शिलाईची अब्रू वाचत होती. त्याने भाचीच्या तोंडाकडे पाहिलं.

"ताई, खोळ काढा."

"का हो भाऊ? तुम्हीच तर शिवलीय."

"म्हणूनच काढा. याचं नाक खाली आहे, आणि मी ते शिवून टाकलंय."

खोळ निघाली. लॅपटॉपचं बूड इस्त्रीसारखं तापलं होतं. वर्तमानपत्राने वारा घालून पाच मिनिटांनी चालू केला तेव्हा पंखा असा सुटला, जणू पाण्याखालून वर आलेलं पोर. पावणेसहाला दोन मिनिटं असताना भाची संघात हजर झाली.

"मी म्हणत नव्हतो, गुन्हेगार जवळचाच असतो?" शंकासुराने वही उघडली. 'आरोपी: मेहुणा. हत्यार: सुई.'

शिंप्याने खोळ स्टुलावर चढवली. अगदी चपखल बसली. तो तिच्यावर टेकला आणि सामना संपेपर्यंत हलला नाही.

सात वाजता भाचीने किंकाळी फोडली. "जिंकलो! आई, जिंकलो!"

ताईंनी लॅपटॉपच्या पाठीवरून हात फिरवला. "दादा, आता आला हो यात राम."

शंकासुराने घाईघाईने वहीत लिहिलं: 'चोरीचा माल परत मिळाला.'