कौसानीत आज अठरा

ऑगस्टात, दुबईजवळच्या अजमानमध्ये, सकाळी सात वाजता लिफ्टचं दार उघडलं की आत गळ्याला मरून रंगाचा मफलर गुंडाळलेला एक माणूस उभा असायचा. बाहेर तेव्हाच चौतीस डिग्री. मला बघून तो गंभीरपणे म्हणायचा, "आज कौसानीत अठरा, साहेब. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर चालेल."

हे दळवी. आमच्याच मजल्यावर एकटे राहायचे. गाव देवगडकडचं, नोकरी एका कंत्राटदाराच्या गोदामात स्टोअरकीपरची. लग्न राहून गेलेलं. फोनमध्ये हवामान एकाच ठिकाणचं, हिमालयातल्या त्या चिमुकल्या गावाचं. आमचा वॉचमनसुद्धा सलामाऐवजी विचारायचा, "दळवीसाब, आज कितना?"

खोलीत एसी सोळावर आणि हे माकडटोपी घालून दुलईत. मी एकदा म्हटलं, "अहो, मग एसी बंदच करा ना."

"छे! ही काय थंडी आहे? हा नुसता गार वारा. खऱ्या थंडीला वास असतो, साहेब. चीडच्या, म्हणजे पाइनच्या लाकडाचा."

माझी मुलगी त्यांना 'स्नोमॅन अंकल' म्हणायची. त्यांना ते पदवीसारखं वाटायचं.

तरुणपणी दोन वर्षं ते कौसानीजवळ रस्त्याच्या कामावर होते. बैजनाथच्या रस्त्यावर, दुसऱ्या वळणाला, हंसा नावाची मुलगी चहाचं दुकान चालवायची. "ग्लास तोंडाशी नेईपर्यंत चहा गार व्हायचा. ती वैतागायची. मी म्हटलं, गल्फला जातोय, तिथून मोठा फ्लास्क आणतो तुला. ती हसली. हसली म्हणजे... जाऊ दे." एवढं सांगून ते थांबायचे. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. दर सुट्टीला जायचं ठरायचं, आणि दर सुट्टी देवगडला खर्ची पडायची. बहिणींची लग्नं, आईचा मोतीबिंदू, घराचं छप्पर. "पुढच्या वर्षी, इन्शाल्ला," म्हणून ते पुन्हा फोनमधलं तापमान बघायचे.

त्यांचं ऐकून ऐकून कौसानीला गेलो मात्र आम्ही. बायको म्हणाली, "या वर्षी पुणं नको, दळवींचं थंड गाव बघू." दळवींना इतका आनंद झाला की जणू तेच निघालेत. "ऑक्टोबरात जा, जुलैत धुकं असतं," हे त्यांनी चारदा सांगितलं. पण मुलीच्या शाळेला सुट्टी जुलैतच. मग त्यांनी यादी करून दिली. पहाटे साडेपाचला उठा. त्रिशूळ शिखर दिसेल. शब्द बोलू नका.

आणि एक खोका दिला. आत फ्लास्क. निळा, दोन लिटरचा, इथले अरब कहवा ठेवतात तसला. वर सुतळी, मार्करनं नाव आणि पत्ता: हंसादेवी, चहाचं दुकान, बैजनाथ रस्ता, दुसरं वळण.

इथं कुणी इंडियाला निघाला की त्याच्या बॅगेत चार घरांची पार्सलं जातात. नाही म्हणायची पद्धत नाही. पोचवलं नाही, असं तर मी कधी ऐकलंच नव्हतं.

निघायच्या दुपारी बॅगेचं वजन जास्त भरलं. बायको खाली गेली होती. मी खोका बाहेर काढला, त्या जागी माझे नवे ट्रेकिंगचे बूट कोंबले आणि खोका कपाटावर, रिकाम्या सुटकेसच्या मागे सारला. बायकोलाही सांगितलं नाही. परत आल्यावर कुरियरनं पाठवू, असं मनाशी म्हटलं. ते बूट मी तिथे एकदाच घातले.

पाच दिवस धुकं. मुलगी खिडकीशी बसून म्हणे, "डॅड, देअर इज नथिंग हिअर." बैजनाथला जाताना दुसऱ्या वळणावर पत्र्याचं दुकान दिसलं. बायको म्हणाली, "हेच ना दळवींचं? तुला पार्सल द्यायचंय ना?" मी म्हटलं, "दिलं सकाळी, फिरायला गेलो तेव्हा." आणि ड्रायव्हरला थांबू दिलं नाही.

परतल्यावर दळवी दारातच उभे. "दिलात?"

"दिला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आठवण ठेवलीत."

त्यांनी चौकट धरली. मग अगदी हळू विचारलं, "हसली का?"

"हो," मी म्हटलं. "खूप."

इथं थांबता आलं असतं. खरं सांगून टाकायला अजून वेळ गेलेली नव्हती. पण त्यांचा चेहरा बघून मी बॅगा आत ओढायला लागलो.

त्या वर्षी दळवींनी देवगडला कळवून टाकलं, येत नाही. नोव्हेंबरात रजा घेतली आणि ते कौसानीला गेले. चार महिने त्यांची तयारी चालली होती. केसांना कलप, नवा स्वेटर. बायको चिडवायची, "काय दळवी, वरात कधी?" ते लाजून मफलर नीट करायचे. मी रोज ठरवायचो, उद्या सांगू.

डिसेंबरात परत आले. आम्ही जेवायला बोलावलं. बायकोनं विचारलंच, "फ्लास्क वापरतात का हो त्या?"

दळवींनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग पानातल्या भातात आमटी कालवत म्हणाले, "हो तर, वहिनी. रोजचा चहा त्यातच."

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमननं विचारलं, "दळवीसाब, आज कितना?"

"चौबीस."

"कौसानी में? दिसंबर में?"

"नहीं," दळवी म्हणाले. "यहाँ."

त्या संध्याकाळी मी कपाटावरचा खोका काढला, त्यांच्या दारात गेलो आणि सगळं सांगितलं. बूटसुद्धा. त्यांनी स्वतःचं अक्षर वाचलं, सुतळीवरून बोट फिरवलं.

"मला तिथंच कळलं, साहेब. ती वारली, त्याला सहा वर्षं झाली. दुकान आता तिचा भाऊ चालवतो. फ्लास्क कुठला, असं त्यानंच मला विचारलं."

"मग काल तुम्ही..."

"वहिनींसमोर तुम्हाला काय तोंडघशी पाडू?" ते गॅसपाशी गेले, पातेल्यात दूध ओतलं. पाठमोरेच म्हणाले, "राग आला होता. घाट उतरताना फार आला. पण तुम्ही म्हणालात ना, हसली म्हणून. ते चार महिने बरे गेले, साहेब. बसा, चहा घ्या."

मला माफ केलं का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

सकाळी लिफ्टचं दार उघडलं. गळ्यात मफलर नव्हता. हातात निळा फ्लास्क होता. त्यांनी झाकणात थोडा चहा ओतला, माझ्यापुढे धरला.

"कालचाच आहे," दळवी म्हणाले. "अजून गरम आहे बघा. तिला चालला असता."